सामान लादून दीड महिन्याची सायकल सफर: काय घ्यावं, काय ठेवावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. सायकल नऊ वर्षं चालवतेय. एका दिवसात दोनशे-तीनशे किलोमीटर आता अंगवळणी पडलं आहे, पण आजवर दर वेळी रात्री डोक्यावर छप्पर आणि हाताशी गरम पाणी होतं. या वेळी एकटीने सुमारे २८०० किलोमीटर करायचं ठरवलंय. दीड महिना, निम्म्याहून जास्त रात्री तंबूत. रस्ता बहुतेक डांबरी, मध्ये चार-पाचशे किलोमीटर खडीचा कच्चा, आणि दोन ठिकाणी सलग काही दिवस डोंगरच डोंगर.

सायकल अ‍ॅल्युमिनियमची हायब्रीड आहे. ७०० सीची चाकं, ३२-३२ स्पोक, व्ही ब्रेक. पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या, मागे ११-३२ दातांच्या, नऊ गिअर. मागे कॅरियरसाठी भोकं आहेत, पुढच्या चिमट्यालाही दोन्ही बाजूंना मध्यावर आहेत. टायर ३२चे, पण ३७चे बसतील असं दिसतंय.

प्रश्न असे: बॅगा कोणत्या घ्याव्यात? पुढेही लावाव्यात की मागच्या दोन पुरतात? ही सायकल चालेल की खास टूरिंगची स्टीलची घेऊ? ज्यांनी खरोखर ओझं घेऊन लांब प्रवास केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. वाचून वाचून गोंधळ वाढलाय.

दूरगामी

रानजाई, बेत छान आहे. फक्त प्रश्नांचा क्रम उलटा करा. बॅगा आणि सायकल शेवटी. आधी जे जे न्यायचं आहे ते सगळं घरात एका चादरीवर मांडा आणि एकेक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहा. अंदाजाने लिहायचं नाही. माझ्या पहिल्या मोठ्या प्रवासाला मी 'पंधराएक किलो असेल' म्हणत निघालो होतो. वाटेत एका धान्याच्या दुकानातल्या तागडीवर बॅगा ठेवल्या तेव्हा २७ भरल्या.

आकडा हातात आला की बाकीचे निर्णय आपोआप सुटत जातात. ओझं जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोचतं ते डोळ्यांसमोर आणा. बॅगेचा हुक, तिथून कॅरियरची नळी, तिथून चार बोल्ट, फ्रेम, धुरा, स्पोक, टायर. या वाटेवरची एकही वस्तू कच्ची नको. पैसे आणि मेहनत इथे घाला. कपडे, भांडी, दिवे, बाकी सगळं घरात असेल ते चालतं.

सायकलमिस्त्री

दूरगामींशी पूर्ण सहमत. मी चाकावर लिहितो, कारण बहुतेकांचा प्रवास तिथेच अडतो.

रानजाई, तुमच्या सायकलचं सगळ्यात कमकुवत ठिकाण मागचं चाक आहे, फ्रेम नाही. सामान लादलेल्या सायकलचं जास्त वजन मागेच येतं. त्यात कॅसेटला (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाला) जागा द्यायची म्हणून हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, उजवी कड आत सरकलेली असते. त्यामुळे उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे आणि खूप ताणलेले असतात, डावीकडचे तिरके आणि सैलसर. चाक फिरताना जो स्पोक तळाशी येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. किलोमीटरला साडेचारशेहून जास्त फेरे होतात, म्हणजे २८०० किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोकला साडेबारा लाखांहून जास्त वेळा हे सोसायचं आहे. तार एकदम ओढ बसून तुटत नाही. पुन्हापुन्हा सैल आणि ताठ होऊन थकते आणि हबपाशी जिथे वाकलेली असते तिथे जाते. म्हणून सैल बांधलेलं चाक जास्त धोक्याचं. लोकांना वाटतं ताण कमी म्हणजे आराम जास्त.

मशीनवर बांधलेली चाकं बऱ्याचदा ढिली असतात. दोन पर्याय आहेत. एक, मागे ३६ स्पोकचं चाक हाताने बांधून घ्यायचं. स्पोक दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी जाडीचे घ्या. मधला भाग बारीक असला की तो थोडा ताणला जातो आणि वाकाच्या जागेवरचा मार कमी होतो. दोन, आहे तेच ३२चं चाक चांगल्या हाताकडून ताण मोजून सारखं करून घ्यायचं. तुमचं स्वतःचं वजन बेताचं असेल आणि सामान वीस किलोंच्या आत आलं तर दुसराही पर्याय चालेल. पंचवीसच्या वर गेलात तर ३६च.

बांधणाऱ्याला एवढं जरूर विचारा की ताण देताना मध्ये मध्ये स्पोक जोडीजोडीने आवळून बसवून घेतो का. जो 'हो' म्हणेल आणि करून दाखवेल त्याच्याकडे चाक द्या.

डबलसीट

वाचतोय. आम्हा दोघांचाही पुढच्या वर्षी असाच बेत आहे. अ‍ॅल्युमिनियम की स्टील यावर कुणी तरी लिहा.

दूरगामी

@डबलसीट, स्टील कुठेही वेल्ड करून मिळतं म्हणून स्टील, असं सर्रास सांगतात. मी स्टीलवरच फिरतो, पण हे कारण मला पटत नाही. चांगल्या क्रोमोली (मिश्र स्टीलच्या) फ्रेमची नळी मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. गेट-ग्रिल जोडणाऱ्याच्या हाताने तिला भोक पडण्याचीच शक्यता जास्त. स्टीलच्या टूरिंग फ्रेमचा खरा फायदा आखणीत आहे. मागच्या चाकाची धुरा पेडलचे दांडे ज्या धुऱ्यावर फिरतात तिच्यापासून लांब असते, साधारण ४५ ते ४६ सेंटिमीटर. म्हणजे टाच बॅगेला लागत नाही आणि ओझं थोडं पुढे येतं. शिवाय कॅरियर, मडगार्ड, जास्तीच्या बाटल्या या सगळ्यासाठी भोकं असतात.

रानजाई, तुमच्या सायकलवर हे अंतर मोजा. ४३-४४ असेल तर बॅगा कॅरियरवर जितक्या मागे सरकतील तितक्या सरकवून टाच लागते का बघा. नाही लागली तर नवी सायकल घ्यायचं काही कारण नाही. नऊ वर्षं अंगाला बसलेली सायकल सोडून प्रवासाच्या तोंडावर नवीवर बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

हलकंओझं

थोडं वेगळं मत मांडतो. चार बॅगा आणि कॅरियर हवेतच कशाला? फ्रेमच्या त्रिकोणातली एक बॅग, सीटमागे एक, हँडलला एक, चिमट्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पिशव्या. कॅरियरचं वजन नाही, बोल्ट सुटायची भीती कमी, वाऱ्याला अडथळा कमी. खडीवर सायकल सायकलसारखी चालते. मी तीन आठवड्यांचा प्रवास तंबूसकट ११ किलोत केलाय. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली उंच चाकाच्या सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्याच्याकडे मोजे, एक जास्तीचा शर्ट, एक पिस्तूल आणि तंबू-अंथरुणाचंही काम करणारा एक रेनकोट होता. बॅग मोठी घेतली की ती भरली जातेच.

दूरगामी

@हलकंओझं, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि ते मी सगळ्यांना सांगतो. पण स्टीव्हन्स बहुतेक रात्री गावात मुक्काम शोधायचा, त्याच्याकडे स्टोव्ह नव्हता. रानजाई एकट्या आहेत, निम्म्या रात्री बाहेर, सलग दीड महिना. तुमच्या पद्धतीत रोज सकाळी सगळं दाबून त्याच क्रमाने कोंबावं लागतं, आणि वाटेत दोन दिवसांचा शिधा घ्यायचा झाला तर ठेवायला जागा नसते. तीन आठवडे ते खपतं. सहाव्या आठवड्यात थकलेल्या हातांनी भर पावसात ते करणं मला जड गेलं होतं, दोन्ही पद्धती वापरून झाल्यावर सांगतोय. खडीचा भाग दोन-अडीच हजार किलोमीटरचा असता तर मीही तुमचीच पद्धत सुचवली असती.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री चादर अंथरली. एकूण २५ किलो, तेही पाणी आणि खाणं सोडून! तंबू २.४, स्लीपिंग बॅग १.३, मॅट अर्धा, स्टोव्ह-भांडं-इंधन १.३. हे ठीक वाटतंय. पण कपडे ४.६, फोन-बॅटऱ्या-चार्जर-कॅमेरा मिळून २.७, कुलूप १.३, जास्तीचे बूट ०.९, घडीची खुर्ची ०.९, दोन पुस्तकं आणि वही १.२. चारही बॅगा (मैत्रिणीच्या आणल्यात) ३.५, हँडलची वेगळी ०.८. हत्यारं-सुटे भाग १.८, औषधं ०.७, साबण-टॉवेल, किरकोळ वगैरे १.१.

धुऱ्यापासूनचं अंतर ४४ सेंमी आहे.

पाऊसपाणी

रानजाई ताई, कपड्यांतून नक्की दोन किलो निघतील. चालवायचे दोन जोड, रात्रीचा एक कोरडा जोड, एक गरम, एक पावसाळी. रोज संध्याकाळी एक धुवायचा. रात्रीचा कोरडा जोड मात्र काही झालं तरी दिवसा अंगात घालायचा नाही, कितीही थंडी वाजली तरी. तो भिजला की रात्रीची झोप गेली, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशीचे ऐंशी किलोमीटर जातात.

आता झोपेचंच लिहिते, कारण या बाबतीत मी बरंच भोगलंय. स्लीपिंग बॅगवर आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' हे ज्या अंशाला स्त्रीला साधारणपणे आरामात झोप लागते ते, आणि 'लिमिट' हे पुरुषाला अंग आखडून का होईना रात्र काढता येते ते. तिसरं 'एक्स्ट्रीम' हे जीव वाचवण्यापुरतं, तिथे झोप नाही. बॅगेच्या नावात बरेचदा लिमिटचा आकडा असतो. मी नाव वाचून शून्य अंशाची म्हणून घेतली, तिचं कम्फर्ट पाच होतं. चार अंशांच्या रात्री अंगावर होतं नव्हतं ते सगळं चढवूनही पहाटे तीनपासून जागी होते. तुम्ही कम्फर्टच बघा.

आणि मॅटकडे दुर्लक्ष करू नका. अंगाखालचा स्लीपिंग बॅगचा भाग वजनाने चपटा होतो, तो ऊब धरत नाही. खालची थंडी अडवायचं काम मॅटचं. तिच्यावर आर व्हॅल्यू (थंडी अडवायची क्षमता) लिहिलेली असते. उन्हाळी रात्रींना दीड-दोन पुरते, शून्याच्या आसपास जायचं असेल तर तीन-चार हवी. तुमची अर्धा किलोची कोणती आहे ते सांगा. फुगवायची असेल तर ठिगळं सोबत घ्या.

तंबू दोन माणसांचा आहे ना? असू द्या, एकटीला तोच बरा. पावसात बॅगा आत घेता येतात. फक्त तो खुंट्या न ठोकताही उभा राहणारा आहे का बघा. खडकाळ जागी किंवा एखाद्या पडवीत झोपायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

खुर्ची सोडा. मला माहीत आहे ती किती हवीशी वाटते.

रानजाई

@पाऊसपाणी, मॅट बंद फोमची आहे, घडीची. आर व्हॅल्यू २. डोंगरात रात्री सातआठ अंश असतील, त्याखाली नाही. खुर्ची सोडली. :-)

पाऊसपाणी

मग पुरेल. पंक्चर होत नाही, दुपारी कुठेही पसरून बसता येतं. खुर्चीचं कामही झालं.

सायकलमिस्त्री

गिअरवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून मीच बोलतो. रानजाई, ५०-३४ आणि ३२ घेऊन तुम्ही डोंगरात गुडघे दुखवून घ्याल.

हिशोब मांडतो. ३७च्या टायरसह तुमच्या चाकाचा घेर सुमारे २.१८ मीटर. सगळ्यात हलक्या गिअरला, म्हणजे पुढे ३४ आणि मागे ३२, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३२ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी ८.३ किलोमीटर. तुम्ही, सायकल, सामान, पाणी मिळून १०० किलो धरा आणि चढ ८ टक्क्यांचा. त्या वेगाला सुमारे २०० वॅट लागतात. रिकाम्या सायकलवर अर्धा तास तुम्ही ते काढाल, पण सलग चार तास, तेही पाच दिवस? मग ६० फेरे राहत नाहीत, ४० होतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर दाब येतो.

आता पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर एका फेऱ्यात १.४१ मीटर. तेच ६० फेरे मारून ताशी ५ किलोमीटर आणि सुमारे १२० वॅट. हे तुम्ही दिवसभर करू शकता. चढ संपल्यावर त्याच पायांनी तंबूही लावू शकता.

कसं करायचं? पुढे माउंटन बाइकचा ३६-२२ दातांचा क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) आणि मागे ११-३४ कॅसेट. वरचा गिअर ३६-११ राहतो. त्यात ८० फेऱ्यांना ताशी ३४ किलोमीटर मिळतात, ओझं घेऊन सपाटीवर त्याहून जोरात कुणी जात नाही. पुढे दोनच चकत्या राहिल्याने डावा शिफ्टर (गिअर बदलायची कळ) तोच चालायला हरकत नाही. पुढचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) नळीवर खाली सरकवावा लागेल. मागे लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागेल. दातांचा फरक पुढे १४ आणि मागे २३, मिळून ३७, तेवढी साखळी गोळा करणारा हवा. शिमानो कंपनीची नऊ गिअरची सिस्टीम असेल तर तुम्ही नशीबवान आहात: रोडच्या शिफ्टरला नऊ गिअरचा माउंटन डिरेलर जसाच्या तसा चालतो. दहा गिअरपासून पुढे ते जमत नाही. नवा क्रँक फ्रेमच्या रुंदीला बसतो का ते घेण्याआधी मोजून घ्या.

हलकंओझं

यावर मिस्त्रींना +१. हलकं सामान असलं तरी हलका गिअर हवाच. ढकलत चालण्यापेक्षा ताशी ५ने चालवणं केव्हाही बरं.

डबलसीट

टायरचं काय? आणि वाटेत ७०० सी मिळत नाही, २६ इंची घ्या, असं ऐकलंय.

सायकलमिस्त्री

@डबलसीट, इंचांत बोललं की फसगत होते. टायरच्या कडेला दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३७-६२२. पहिला रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो. '२६ इंची' म्हणून मागितलात तर माउंटन बाइकचा ५५९, जुन्या घरगुती सायकलींचा ५९० किंवा ५८४ यातलं काहीही हातात पडू शकतं. '२८ इंची'त ६२२ आणि दणकट जुन्या सायकलींचा ६३५, असे निदान दोन आहेत. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. आपला आकडा वहीत लिहून ठेवा.

रानजाई, तुमचा ६२२. आहे त्यावरच जा, फक्त घडी होणारा एक टायर सुटा घ्या. रुंदी ३७, जमलं तर ४०. पंक्चर रोखायला श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ५ मिमी जाड रबराचा थर असतो. जड आहे, चढताना मऊ चालत नाही, रिमवर चढवताना अंगठे दुखतात, पण आतवर काही पोचू देत नाही. रस्ता बहुतेक डांबरी आहे, तर मी मागे तो आणि पुढे त्याहून हलका लावीन.

व्हॉल्व्हचंही बघा. तुमच्या रिमचं भोक बारीक असेल तर जाड शिरेडर व्हॉल्व्हची ट्यूब त्यात जाणार नाही. जाड भोकात मात्र बारीक प्रेस्टा चालते.

दूरगामी

कॅरियर. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, माफ करा.

माझ्या दुसऱ्या प्रवासात उतारावर खडखड ऐकू आली. मला वाटलं भांडं वाजतंय. वीसेक किलोमीटर तसाच गेलो. मग एका खड्ड्यात कॅरियर डावीकडे कलला आणि बॅग स्पोकांत गेली. खालचा एक बोल्ट आधी सैल झाला होता, मग भोकात हलत हलत तुटला. डोकं गळून पडलं आणि आट्यांचा भाग फ्रेमच्या भोकात अडकून राहिला. नशिबाने भोक आरपार होतं आणि बोल्टचं टोक चाकाच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर बाहेर होतं. पक्कडीने ते चिमटीत धरून पाव पाव आटा फिरवत बाहेर काढलं. चाळीस मिनिटं लागली. टोक बाहेर नसतं तर ड्रिलशिवाय इलाज नव्हता. तेव्हापासून मी खालचे बोल्ट थोडे लांब घेतो. उजवीकडे मात्र जपून, ते टोक साखळीला किंवा लहान चकतीला लागू देऊ नका.

बोल्ट ५ मिमीचे. सगळे काढून आट्यांवर निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून परत बसवा. सहा-आठ सुटे बोल्ट टेपने फ्रेमला चिकटवून ठेवा, वजन काहीच नाही. रोज सकाळी निघण्याआधी चारही बोल्टना ॲलन की लावून बघायची, दात घासण्याइतकी सवय झाली पाहिजे.

कॅरियरवर किती किलो चालतात ते कोरलेलं असतं. साधे अ‍ॅल्युमिनियमचे बहुतेक २५ चे. ट्यूबस कंपनीचा कार्गो स्टीलच्या नळीचा, ४० किलोचा. तुम्ही मागे १३-१४ किलो ठेवणार, मग आकड्याने दोन्ही पुरतात. तरीही मी स्टीलचा घेईन. आकडा सरळ खाली दाबणाऱ्या वजनाचा असतो, खडीवर ओझं बाजूला हेलकावे खातं आणि नळी तिथे थकते.

पुढे बॅगा जरूर लावा, धुऱ्याच्या उंचीवर, खाली. सगळं मागे ठेवलंत तर चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं होतं आणि उतारावर शेपूट हलतं. मागे साठ टक्के, पुढे चाळीस, डावं-उजवं पाव किलोच्या फरकात. जड वस्तू तळाशी आणि आतल्या बाजूला. उतारावर हँडल थरथरायला लागलं तर घाबरून घट्ट धरू नका, दोन्ही गुडघे आडव्या दांडीला दाबा आणि मागचा ब्रेक हळूहळू लावा. थांबतं.

रानजाई

@दूरगामी, हे सोन्यासारखं आहे. बोल्टची गोष्ट वाचून उठून माझे बघितले. मागचा खालचा डावा हाताने फिरला.

बॅगा पूर्ण जलरोधक आहेत, वर गुंडाळून बंद होणाऱ्या. एकच कप्पा. सगळं एकत्र होईल अशी भीती वाटते.

पाऊसपाणी

रंगीत कापडी पिशव्या करा. स्वयंपाकाची एक, कपड्यांची एक, रात्रीची एक. चाचपून ओळखता येतात. अशा बॅगा ऑर्टलीब कंपनीने ट्रकच्या ताडपत्रीपासून सुरू केल्या, त्यामुळे बाहेरचं पाणी आत येत नाही, पण आतलं बाहेरही जात नाही. ओला तंबू आणि ओला रेनकोट कधीच आत कोंडू नका, कॅरियरवर वर बांधा. आणि पंक्चरच्या बारीक भोकांसाठी टेपचा तुकडा ठेवा, बॅगेलाही लागतो.

डबलसीट

हबमधला डायनॅमो घ्यावा का? फोन चार्ज होतो म्हणतात.

हलकंओझं

@डबलसीट, होतो, पण हिशोब करून घ्या. हे हब ६ व्होल्ट ३ वॅटचे असतात आणि तेवढं द्यायला ताशी पंधराच्या आसपास वेग लागतो. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास. अडीच वॅटने धरलं तरी पंधरा तास, गळती वेगळी. चढावर ताशी पाचने काहीच मिळत नाही. सलग चार-पाच दिवस वीज नसेल तर घ्या. रानजाईंच्या जवळजवळ अर्ध्या रात्री छपराखाली आहेत, त्यांना दोन पॉवर बँका पुरतील. विमानाने जाणार असाल तर त्या हातातल्या सामानात, आणि एकेक १०० वॅट-तासांच्या आतली.

विमानाचाच विषय निघाला म्हणून: गॅसचा डबा किंवा स्टोव्हचं इंधन विमानात नेता येत नाही. जिथे उतरणार तिथे काय मिळतं ते आधी बघून स्टोव्ह ठरवा.

सायकलमिस्त्री

ब्रेकचं राहिलं. व्ही ब्रेक चांगले आहेत, सोपे आहेत. पण रिम झिजते. रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूवर बारीक खाच किंवा टिंब असतं, ते दिसेनासं झालं की रिम बदलायची. चाक नवीन बांधून घेतलंत तर हा प्रश्नच नाही. पॅडचे दोन जोड घ्या. चिखलातून गेल्यावर पॅडमध्ये अडकलेले अ‍ॅल्युमिनियमचे चमकते कण सुईने काढा, नाहीतर तेच रिम कापतात.

हत्यारांत एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर. सायकल आडवी पडली की तो वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, दुसऱ्या सायकलचा बसत नाही. तुमच्या फ्रेमचा एक आजच मागवा. बाकी ४, ५, ६ ची ॲलन की, साखळी तोडायचं हत्यार आणि नऊ गिअरच्या जोडकड्या, गिअरची आणि ब्रेकची एकेक तार, दोन ट्यूब, ठिगळं, लांब नळीचा पंप, जुन्या टायरचा बोटभर तुकडा (टायर फाटला तर आतून लावायला), जाड सुई-दोरा, बऱ्याच झिप टाय.

स्पोक तिन्ही लांबीचे दोन-दोन: पुढचे, मागचे डावे, मागचे उजवे. उजवा बदलायला कॅसेट काढावी लागते आणि त्याचं हत्यार जड. म्हणून केव्हलरच्या दोऱ्याचा एक स्पोक ठेवा, तो कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवता येतो. स्पोक तुटला तर 'टंग' असा आवाज येतो आणि चाक ब्रेकला घासायला लागतं. ताबडतोब थांबा, तुटलेला शेजारच्याला गुंडाळा, ब्रेक मोकळा करा, मग आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढा. चाकाची आऊट काढणं निघण्याआधी शिकून घ्या. एक रविवार पुरतो.

रानजाई

दोन आठवड्यांनी अहवाल देतेय.

मागचं चाक ३६चं बांधून घेतलं. बांधणाऱ्याने शेजारी बसवून दाखवलं, शेवटची आऊट माझ्याकडून काढून घेतली. क्रँक ३६-२२ बसला, डिरेलर बदलला. हँगर आला. स्टीलचा कॅरियर आला. सामान १९.६ वर आणलं: खुर्ची गेली, पुस्तकं गेली (वही राहिली), कपडे २.९, बुटांऐवजी चपला, कुलूप लहान, कॅमेरा घरी.

शुक्रवारी सगळं लादून निघाले, दोन रात्री, १४० किलोमीटर. पहिले दहा किलोमीटर सायकल परकी वाटत होती, वळताना जहाज वळवल्यासारखं. मग सवय झाली. २२-३४ ला एका चढावर बसून गाणं म्हणत होते, खरंच. टाच उजव्या बॅगेला लागत होती, हुक दोन बोटं मागे सरकवल्यावर थांबली. दुसऱ्या सकाळी मागचा खालचा डावा बोल्ट अर्धा आटा सैल मिळाला. थ्रेडलॉक लावायला नेमका तोच विसरले होते. रात्री सहा अंश होते, झोप लागली.

सायकल भिंतीला टेकवली की पुढे घरंगळते आणि आडवी होते, त्यावर काय करता? आणि दोन्ही दिवशी संध्याकाळी गुडघा पुढून दुखला, वाटीच्या खाली. गिअर तर हलके होते.

दूरगामी

घरंगळण्यावर: जुन्या ट्यूबचं रबर कापून पुढच्या ब्रेकच्या दांडीला आणि हँडलला अडकवून ठेवा. थांबलात की ओढून लावायचं. हँडब्रेकच झाला.

गुडघ्यावर: सीट खाली केली होती का? ओझ्यामुळे थांबताना पाय टेकायला बरं म्हणून?

रानजाई

हो. निघताना थोडी केली. सेंटिमीटरभर.

सायकलमिस्त्री

मग तेच. सीट खाली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. नऊ वर्षांची जी उंची आहे तिच्यावर परत आणा आणि खांबावर टेपची खूण करा. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीवर उभं राहायचं, सीटवर बसून पाय टेकायचा नाही. दोन दिवस रिकामी चालवा, मग पुन्हा लादून एक रात्र.

रानजाई

आत्ता वर केली. जुनी खूण धुळीखाली अजून होती. टेप लावला, राहिलेल्या बोल्टला थ्रेडलॉक लावलं, रबर ब्रेकच्या दांडीला अडकवलं. बॅगा तशाच भरलेल्या आहेत. बुधवारपर्यंत रिकामी चालवते, शनिवारी पुन्हा लादून निघेन. गुडघा काय म्हणतो ते इथे लिहीन.